बदामाची पालखी

ताई, काल तुझ्या तेराव्याला जेवून हात धुवायला आलेली प्रत्येक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. "जावा कसल्या, सख्ख्या बहिनीच व्हत्या दोघी," असं एकमेकींना सांगत होत्या. मी मान खाली घालून पत्रावळी गोळा करत होते. त्यांना वाटलं, दुःखाने वाकली आहे बिचारी. दुःख तर आहेच गं, पण मान खाली गेली होती ती लाजेने. तुझ्या शेवटच्या दीड महिन्यात 'मीठ कुठंय' आणि 'दूध उतू जाईल' याच्या पलीकडे मी तुझ्याशी बोललेच नव्हते. हे फक्त आपल्या दोघींना ठाऊक होतं. आता एकट्या मला ठाऊक आहे.

तुला 'तू' म्हणायला तूच लावलंस. लग्न होऊन दहिवलीच्या या घरात आले तेव्हा शिकलेल्या मुलीला शोभेल अशा थाटात मी "अहो जाऊबाई" अशी हाक मारली होती. तू चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होतीस. तू मागे वळून दाराकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "अहो कुनाला बोलतेस गं? मागं कोन पावना हाय का? ताय म्हन नि ये हिकडं, जाळ सार जरा." त्या दिवसापासून तू ताई आणि मी मास्तरीण. माझं नाव तू एकदाही घेतलं नाहीस. शाळेत नोकरी लागली तेव्हा सगळ्या आळीला पेढे तू वाटलेस, आणि पेढ्याबरोबर प्रत्येकीला सांगितलंस की आता भांडी मलाच घासायची आहेत.

आपण भांडायचोही झकास. तुझी मिश्री, तुझा पाकासारखा चहा, माझं पुस्तक वाचत भाजी करपवणं, कशावरूनही सुरू व्हायचं. पण खरं भांडण एकाच गोष्टीवरून असायचं, तुझ्या थापांवरून. खोटं बोलण्यात तुझा हात धरणारं या पंचक्रोशीत कुणी नव्हतं. दारात नको असलेला पाहुणा दिसला की घरातलं दूध नासायचं. मोठे भाऊजी रागावले की बाजारात जायची आज्ञा मास्तरणीने दिलेली असायची. मी चिडून म्हणायचे, "मला नाही जमत असलं." तू म्हणायचीस, "तुला कशाला जमायला पायजे? मी हाय ना." मला माझ्या खरेपणाचा फार तोरा होता. तो तू मजेत सहन करायचीस.

मग यंदाचा चैत्र आला, आणि ती पदयात्रा.

हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की जन्मापासून हृदयात दोष असलेल्या मुलांसाठी मुंबईचं एक मंडळ कर्जतहून खोपोलीपर्यंत चालत जाणार आहे. पैसे उभे करण्याची बाजू मुंबईकर बघणार होते. आम्हा इथल्या स्वयंसेवकांकडे काम होतं मुलं शोधायचं. गावोगावी थांबून अशा मुलांची लक्षणं सांगायची, आया पुढे आल्या की त्यांना मुलासकट मागच्या टेंपोत बसवायचं आणि खोपोलीला शाळेत मुंबईचे डॉक्टर बसणार होते त्यांच्यापुढे न्यायचं. अवघड काम हेच होतं. आपल्याकडे असं मूल आई पदराखाली झाकते. मुलगी असली तर आणखीच, कारण उद्या तिला कोण करून घेणार. लक्षणं सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि छातीवर लावायला लाल फीत मिळाली. मी ती घरातही लावून बघितली होती. तू बघितलंस आणि हसली नाहीस, ही तुझी मेहेरबानी.

भाषण पाठ करायला मी ओटीवर उभी राहिले. तू खाली सूप घेऊन तांदूळ पाखडत होतीस. मी म्हणत होते, "ओठ आणि नखं निळसर दिसतात. दूध पितानाही धाप लागते. मूल जरा पळालं की मध्येच उकिडवं बसतं, गुडघे पोटाशी घेतं, बरं वाटलं की मग उठतं."

तुझं सूप थांबलं.

"आमचा गणू असाच बसायचा," तू म्हणालीस.

गणू तुझा पहिला. चालायला लागून वर्ष झालं नाही तोच गेला, माझं लग्न व्हायच्या खूप आधी. तो गेला हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कशाने गेला हे कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरचं काहीतरी लागलं, असं म्हणत. त्यानंतरच्या तुझ्या दोन्ही मुली सुखाने नांदताहेत, म्हणून गणूचा विषय कधी निघतही नसे. आणि त्या दुपारी इतक्या वर्षांनी तुला ओटीवर कळलं, की बाहेरचं काही नव्हतं. मी काय केलं? मी "हं" म्हणाले. आणि मग म्हणाले, "मुद्दा तिसरा." अगदी असंच म्हणाले गं. पाठ केलेलं विसरेन अशी भीती होती.

तू पुन्हा पाखडायला लागलीस. सूप रिकामं झाल्यावर म्हणालीस, "मी पन येते तुमच्या फेरीला." मी तुला समजावलं की ही जत्रा नाही, तिथं शिस्त असते, मुंबईची मोठी माणसं असतात. तू म्हणालीस, "टेंपोत बसून पानी देयाला शिस्त लागते व्हय?" म्हणून मी तुझं नाव पाण्याच्या पिंपांबरोबर लावलं.

त्या सकाळी कर्जतला सगळे जमलो, तेव्हा मंडळाने हातगाडीवर लाकडाचं मोठं हृदय करून आणलेलं होतं. लालभडक रंगवलेलं, भोवती झेंडूच्या माळा. तू कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारलीस. "ह्यो पत्त्यातला बदाम कशापायी?"

"ते हृदय आहे ताई. काळीज."

"काळीज असं असतंय? बोकडाचं किती येळा धुतलंय मी ह्या हातानं. काय बी सांगतेस."

मुंबईच्या डॉक्टरीणबाई जवळच उभ्या होत्या. मी तुला दंडाला धरून टेंपोकडे नेलं. तेव्हापासूनच माझ्या मनात सुरू झालं होतं, की ही आज माझी शोभा करणार.

पुढे आमच्या शाळेचं ढोल-लेझीम, मागे झेंडूने मढलेला लाल बदाम, त्यामागे पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं. ताई, चैत्रात या रस्त्याने असं काय जातं? एकविरेला जाणाऱ्या पालख्या जातात. दरवर्षी आपल्याच ओटीवर ती माणसं पाणी पितात, तू त्यांच्या पायांवर तांब्याने पाणी घालतेस. मुंबईकरांनी कॅलेंडर बघून रविवार काढला, त्यांना काय माहीत? पण मी तर इथलीच. माझ्याही डोक्यात आलं नाही. वाटेतल्या बायांच्या मात्र लगेच आलं. ढोल ऐकून त्या पाण्याच्या कळश्या आणि हळदीकुंकू घेऊन रस्त्यावर उभ्या. बदामाला कुंकू लागलं, पुढ्यात नारळ फुटले. एका म्हातारीने डॉक्टरीणबाईंचे बूट धुतले, पायांसकट. मुंबईचे लोक पाय मागे घेत होते आणि बाया पुढे सरकत होत्या. मी घसा फोडून सांगत होते की ही पालखी नाही. मग कर्णा हातात घेऊन लक्षणं सांगायचे, शस्त्रक्रियेचं सांगायचे, आणि 'छाती उघडून' हे शब्द आले की कळश्या उचलल्या जायच्या. पळसदरी आली तरी टेंपोत पिंपांखेरीज काही नव्हतं.

पळसदरीच्या पुढे, धरणाच्या अंगाला जी वस्ती आहे तिथं मला पहिल्यांदा शंका आली. मी पुढे ओरडत होते आणि बाया माझ्या मागे बघत होत्या. वळून पाहिलं तर टेंपोभोवती गर्दी. तू फळीवर पाय सोडून बसलेली. कपाळभर कुंकू, कुणी लावलं देवाला माहीत. बाई मूल घेऊन आली की तू त्याचा हात हातात घ्यायचीस, बोटं उन्हात धरून बघायचीस. "हिला घे वर. ह्याला नको, ह्यो धडधाकट हाय, उगा मिरवायला आनलाय. चल गं, बस. देवीनं खोपोलीला बोलावलंय. देवीची मानसं बघतील तुज्या पोराला." आणि त्या बसत होत्या. टेंपो भरत आला होता.

त्यात ती होती, मुलीला कडेवर घेतलेली. तेव्हा मला नाव माहीत नव्हतं. काल कळलं, भागी. आणि मुलगी बेबी. बेबीची मान आईच्या खांद्यावर होती आणि एक पाय टेंपोच्या फळीवर टेकलेला होता.

आता खरं सांगते. मी त्या वेळी तुझी थाप ऐकून भडकले नाही. थाप मी आधीच ऐकली होती आणि दोन क्षण नुसती बघत उभी राहिले होते. मग डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी येऊन थांबल्या, तुझ्याकडे बघून हसल्या, आणि त्या हसण्याने माझ्या अंगाची आग झाली. मला वाटलं, त्या आपल्याला हसताहेत. ही अडाणी बाई माझी जाऊ आहे हे त्यांना कळलं, असं वाटलं. मला तुझी लाज वाटली, ताई. सत्याचं वगैरे मी नंतर जोडलं.

"ताई, काय चालवलंयस हे?" मी कर्ण्यातच ओरडले. "लाज नाही वाटत गरीब बायांना फसवायला? कसली देवी? ऐका हो सगळ्यांनी, यात देवीचं काही नाही! मुलांना मुंबईला नेऊन छाती उघडून ऑपरेशन करतात. पटत असेल तर बसा."

भागीने तुझ्याकडे बघितलं. "छाती कापत्यात?" तिने तुला विचारलं, मला नाही. तुझं तोंड पहिल्यांदाच बंद झालेलं मी बघितलं. तिने बेबीचा पाय फळीवरून उचलून घेतला आणि मागे न बघता घरात गेली. आणखी दोघी उतरल्या. दार लागल्याचा आवाज आला आणि ढोलवाल्या मुलांना कळेना वाजवायचं की नाही.

मी तुझ्याजवळ आले तेव्हा तू पदराने कपाळ पुसत होतीस. मला वाटलं, आता तू शिव्या देशील. तू एवढंच म्हणालीस, "त्या उतरलेल्या पोरीची नखं बघितलीस का गं?"

नव्हती बघितली. लक्षणं सगळी तोंडपाठ होती आणि मुलीच्या नखांकडे माझं लक्षच गेलं नाही.

खोपोलीला तपासणी सुरू झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "टेंपोतल्या त्या बाई कुठे गेल्या? त्यांना आत बोलवा ना. त्यांनी बसवलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलात काहीतरी निघतंय. मघाशी बघून मला इतकं बरं वाटलं." म्हणजे ते हसणं तसलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की तू घरी गेलीस. तू बाहेर पिंपं विसळत होतीस.

ही थाप जमली बरं मला. पण ती माझ्या स्वतःसाठी होती.

त्या दिवसापासून घरात भांडणसुद्धा बंद झालं. आठवड्याच्या बाजारात मला कळलं की टेंपोतून आलेल्या एका मुलाला डॉक्टरांनी मुंबईला बोलावलं होतं, पण बाप नेत नाही. देवीच्या माणसांनी हात लावला, आता दवाखाना कशाला, असं म्हणतो. मी घरी येऊन पिशवीही खाली ठेवली नाही, आधी ते तुला ऐकवलं. "बघ, याला म्हणतात फसवणूक." तू भाकरी उलटलीस. "चुकलंच ते माझं," म्हणालीस.

मला किती आनंद झाला, काय सांगू. जिंकले ना मी. तू तुझं कबूल केलंस, आता पाळी माझी होती. फक्त 'माझंही चुकलं' एवढंच म्हणायचं होतं, आणि कदाचित विचारायचं होतं, गणू गेला तेव्हा त्याचे ओठ कसे होते. मी पिशवी रिकामी करायला घेतली. आज वाटतं, माझा मुद्दा खोटा नव्हता. थापेवर उभं केलेलं काम पडतंच कुठेतरी, हे मी आजही तुझ्याशी भांडेन. पण मुद्दा खरा असला की माणूस आपोआप चांगलं ठरत नाही, हे मला कुणीतरी शाळेतच शिकवायला हवं होतं.

वैशाखात मला सुट्टी लागली. मी घरात, आणि तू दुपारची गायब. भर उन्हात जायचीस आणि दिवस कलता पदरात करवंदं घेऊन यायचीस. चेहरा लाल, तळवे काट्यांनी ओरबाडलेले. करवंदं तू माझ्यापुढे ठेवायचीस, आणि मी म्हणायचे, "बरी सवड मिळते हिंडायला." आणि ती खायचे. मीठ लावून, पुस्तकातून डोकं वर न काढता. तू कुठे जातेस हे मी एकदाही विचारलं नाही. त्यात काय विचारायचं, करवंदं दिसतच होती.

मग तो सोमवार. पावसाआधी लाकडं आत घ्यायची म्हणून तू मागच्या पडवीत गेलीस आणि विंचू चावला. ते सगळं लिहीत नाही, तुला माहीत आहे. दवाखान्यात नेताना टेंपोत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, घामाने तू भिजून गेली होतीस आणि दम लागत होता. तू विचारलंस, "मंगळवार कवा हाय?"

"उद्या," मी म्हणाले.

तू उठायला बघितलंस. "मग जायाला पायजे गं. बसलेली आसंल ती." मी तुला दाबून धरलं. "कुठं जायचं नाहीये, पडून राहा, उपास एक चुकला तर चालतो." मला वाटलं तू देवीच्या मंगळवारचं बोलतेस, तापात काहीबाही बडबडतेस. तू माझ्याकडे बघितलंस. कंटाळून बघितलंस, वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे मी बघते ना, तसं. पुढे बोलायला तुला श्वास पुरला नाही. पहाट व्हायच्या आत तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, विष काळजात गेलं.

काल जेवणावळ उरकत आली होती. मी मागच्या दारी भांडी घासत होते. (हो, मीच.) कुंपणाजवळ एक बाई येऊन उभी राहिली. धुवट लुगडं, काखेत गाठोडं, हाताशी तेल लावून वेणी घातलेली लहान मुलगी. मी ओळखलं नाही.

"ताय हाय का?" तिने विचारलं. स्वर भांडायला आल्यासारखा. "बोलवा तिला भायेर. दोन मंगळवार ठेसनावर बसवलंन मला पोरीला घेऊन. येत नाय तर बोलायचं कशाला?"

मी हात पुसले. काय सांगायचं ते सांगितलं. ती खाली बसली आणि तिने गाठोडं छातीशी धरलं. मग तिने वर माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

"तुमीच ना त्या? कर्न्यातून वरडलेल्या?"

"हो," मी म्हणाले. "मीच."

मला वाटलं, ती आता उठून जाईल. जायला हवं होतं. पण ती बोलायला लागली, आणि तेव्हा मला तुझ्या करवंदांचा पत्ता लागला.

"लई येळा आली ती. पयल्यांदा मी दार नाय उघडलं. तर कुंपनाला बसून करवंदं तोडीत व्हती, जायाचं नाव नाय. दुसऱ्या येळी पन तसंच. मंग मीच पानी दिलं, एवढ्या उन्हाची आलेली. तर बोलली, देवीचं मी खोटं बोलले. पालखी नव्हती ती. माजी मास्तरीन बोलली ते खरं, छाती कापत्यात. पन कापून शिवत्यात नि पोर चालाया लागतं, ह्ये पन तीच बोललेली, तू ऐकायला थांबली नाय. मी बोलले, ह्ये तरी खरं कशावरून? तर बोलली, मी हाय खोटारडी, पन आमची मास्तरीन मेली तरी खोटं बोलत नाय. तिला जमतच नाय."

ताई, मी तिथंच पायरीवर बसले. मी तुझ्याशी बोलत नव्हते, आणि तू उन्हातान्हात एका परक्या दारात बसून माझ्या नावावर माणसं जोडत होतीस. तुझ्या थापेने जी बसली होती तिला मी उतरवलं, आणि तिला पुन्हा चढवायला तू माझाच खरेपणा घेऊन गेलीस. आणि घरी येऊन अवाक्षर काढलं नाहीस. का नाही बोललीस गं? एकदा तोंडावर मारायचंस तरी. मी ते करवंदाबरोबर खाल्लं असतं.

भागी सांगत होती की मंगळवारी मुंबईच्या इस्पितळात अशी मुलं बघतात, ते तू पदयात्रेच्या दिवशीच, तपासणी आटोपून बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाईंना पिंपं विसळता विसळता विचारून ठेवलं होतंस. म्हणजे तू घरी गेल्याची माझी थाप तेव्हाच उघडी पडली होती. पळसदरी स्टेशनावर भेटायचं ठरलं होतं. "ताय बोललेली, मी हात सोडनार नाय." मग पुढे झुकून तिने माझं मनगट धरलं.

"बाय, तुमी खोटं बोलत नाय ना. मंग तुमीच सांगा. माजी बेबी परत येईल ना?"

माझ्या भाषणात त्याचं उत्तर होतं. मुद्दा शेवटचा: शस्त्रक्रियेत धोका असतो, प्रत्येक मूल बरं होईलच असं सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी तो मुद्दाम घालायला लावला होता आणि मी तो एकाही गावात गाळला नव्हता. काल तो ओठांपर्यंत आला. भागीच्या मागे ते कुंपण, कुंपणापलीकडे पळसदरीची वाट. आणखी एकदा खरं बोलले असते तर ती त्याच वाटेने परत गेली असती.

"येईल," मी म्हणाले. "चालत येईल."

डोळ्यांत बघून म्हणाले. तुझ्यासारखं. तिने मनगट सोडलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग परवा पयल्या गाडीला." एवढ्यावर तिचं भागलं. ताई, हे खोटं ठरलं तर ते तुझ्या नावावर जाणार नाही. माझ्या एकटीच्या नावावर राहील, आणि ते घेऊन मला जगावं लागेल. डॉक्टरांचं सगळं बोलणं ते तिला नीट सांगतील, मी मध्ये पडणार नाही. पण इस्पितळाच्या दारापर्यंत ती माझ्या शब्दावर येणार आहे. ती टेंपोच्या फळीवर होती तेव्हा तुझ्या मनात काय होतं, ते मला काल कळलं.

त्या दोघी निघाल्या तेव्हा मी वाटेपर्यंत गेले. बेबी आंब्याखालून थोडी पळाली आणि मध्येच उकिडवी बसली. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यांवर. भागी सवयीने पुढे जाऊन थांबली. मी बेबीच्या शेजारी मातीत बसले आणि तिचा हात हातात घेतला. नखं पिकल्या जांभळासारखी होती. तिने मला विचारलं, "तुला पन धाप लागली?" मी हो म्हणाले. हे खोटं नव्हतं.

आज सोमवार आहे. तुझी कापडी पिशवी धुऊन वाळत घातली आहे, उद्या तीच नेणार आहे. दशम्या केल्या, त्या तुझ्यासारख्या मऊ झाल्या नाहीत. मोठे भाऊजी मघाशी दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या जाताव ना? जावा." ते रडत होते, म्हणून मी वर बघितलं नाही. उद्या वाटेत ती मुलगी जिथं जिथं बसेल तिथं मी बसणार आहे, गाडी चुकली तरी चालेल.

काल उठताना तिने माझा पदर मुठीत घट्ट धरला होता. गणू उठताना तुझा पदर धरायचा का गं? त्या दुपारी ओटीवर तू सूप थांबवून वाट बघत होतीस. मी विचारायला हवं होतं.